हात लावायचा राहिला

लॅबमधल्या यंत्रावर आज काकांची पाळी असेल या भरवशावर ती चिप घेऊन आली, आणि दार उघडलं तर समोर बर्फ्या. चिपा गोठवणारं यंत्र सांभाळतो म्हणून पडलेलं नाव. स्वभाव मात्र अगदी उलटा. कालच त्यानं सरळ विचारलं होतं, आयुष्यभर माझ्याबरोबर चहा पिशील का... आणि ही बया अर्धा कप तसाच टाकून पळाली होती.

आता पळायची सोय नव्हती. दोन वर्षं खपून केलेल्या चिपांतली ही एकच उरलेली. हिच्यावर मोजमाप झालं नाही तर पदवीवर पाणी सोडावं लागणार. नजर चुकवत तिनं चिप त्याच्या तळव्यावर ठेवली नि मागे सरली.

चिप यंत्रात उतरली, गारठली, आणि मग तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. चिप देण्याआधी समोरच्याच्या हाताला हात लावायचा, हा या लॅबमधला पहिला धडा. अंगावर साचलेली वीज अशी दोघांत वाटली जाते. नाहीतर ती चिपमधून धावते, आणि इलेक्ट्रॉनसाठी कोरलेली, केसाहून हजारपट बारीक वाट जळून खाक होते. नवशिक्यांना हे ती स्वतः ओरडून शिकवायची.

बर्फ्यानं मोजणी सुरू केली. पडद्यावर चिपमधली वीज दाखवणारी रेघ उमटली... आडवी. ती हलेचना.

"मीच मारली हिला," ती म्हणाली. "हात लावायचा राहिला."

"मीही विसरलो की."

"मी विसरले नाही रे. लावला असता तर—" तिनं नजर पडद्यावरच ठेवली. "हात थरथरत होता माझा. तुला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"हेच... की मला हो म्हणायचंय."

त्यानं यंत्राकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाला, "चिपमधली वाट अजून बंदच आहे, म्हणून रेघ आडवी. ती उघडायचं बटण मी फिरवलंच नाहीये."

भीतीपायी तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. "मग फिरव ना."

"आता माझा हात थरथरतोय."

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. दोघांनी मिळून बटण फिरवलं, अगदी सावकाश. रेघ तशीच... तशीच... आणि एकदम वर चढली, थबकली, पुन्हा चढली. जिन्यासारख्या पायऱ्या. चिप जिवंत होती, इलेक्ट्रॉन शिस्तीत निघाले होते.

"अगं, बघ तरी," तो म्हणाला.

"तूच बघ," ती त्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "मला आधी नीट रडू दे."