खाऱ्या रानातला हुरडा

"अवं पावनं! घरी भाकरी मिळत न्हाय व्हय? माती काय खाताय?"

साखर बांधावरून ओरडली, तसा रानात वाकलेला तरुण दचकून उभा राहिला. ओठाला पांढरी माती, डोक्याला गुलाबी पटका... आणि चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं हसू.

"चव बघत हुतो," तो म्हणाला. "मी जोतीराम, कळसचा. बारामतीच्या बाजाराला निघालो हुतो. आमची बी रानाची पट्टी अशीच खारावलीया, म्हणून गाडी थांबवली... आन तुमी?"

"साखर."

तो खळखळून हसला. "नाव साखर आन रान खारं!"

साखरचा राग नाकाच्या शेंड्यावर आला. घरी पोचेपर्यंत मात्र तिला स्वतःलाच हसू फुटलं होतं.

रान खारं होतं, हे खरंच. कालवा आला तेव्हा तिच्या वडिलांनी, सर्जेरावतात्यांनी, उसाला हौसेनं पाणी पाजलं. ऊस माणसाच्या वर गेला, आणि मागोमाग जमिनीतलं मीठ वर आलं. आता तिथं हरळीसुद्धा धरेना. साखरनं राख टाकली, पाचट कुजवलं. यंदा ताग पेरून तो फुलावर आला की मातीत गाडायचा, असं तिनं ठरवलं होतं.

"औंदा शेवटचं," सर्जेराव म्हणाले होते. "न्हाय जमलं, तर रान पड टाकायचं. आन माळशिरसच्या स्थळाला तू मुकाट्यानं व्हय म्हणायचं."

पुढच्या बाजारी जोतीराम पुन्हा आला. या खेपेला गाडीत कुदळ होती.

"तागानं काय व्हायचं न्हाय," तो म्हणाला. "आधी चर खणा. खालचं पाणी वढ्याला गेलं, की त्याच्यासंगं मीठ जाईल."

"आन भुकेल्या मातीला खायला कोण घालील? तुमचा चर?"

"मग लावा पैज! वरलं रान तुमचं, खालचं माझं."

सर्जेरावांनी कपाळाला हात लावला, पण ना म्हणाले नाहीत.

जोतीराम दर बाजारी येऊन खणू लागला. साखर पाण्याचा तांब्या बांधावर ठेवून लांब उभी राही. तो पाणी प्यायचा कमी आणि बघायचा जास्त. एकदा तिच्या ध्यानात आलं, शेवटचा चर वाकडा होत थेट तिच्या तागात शिरला होता.

"ह्यो चर हिकडं कसा आला?"

"कुदळ सरळच चालवत हुतो... नजर तेवढी वाकडी गेली."

ती फणकारून वळली. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

आषाढात तिचा ताग पिवळा पडला. मुळाशी पाणी तुंबलं होतं. खालच्या रानात चर वाहत होते, पण माती विटेसारखी कडक, त्यात गवताची काडी नव्हती. दोघंही हरले होते. एका बाजारी साखर डोळ्यांत पाणी घेऊन बांधाबांधानं चालली... आणि थबकली. त्या वाकड्या चराच्या दोन्ही अंगांना ताग कंबरेएवढा झाला होता. हिरवागार, वाऱ्यावर सळसळत!

"तात्या! जोतीराम! हितं या, हितं!"

जिथं चर आणि ताग एकत्र आले होते, तेवढंच रान जगलं होतं. मग सर्जेरावांनीच खांद्यावरचं उपरणं कमरेला बांधलं आणि कुदळ उचलली. वर सगळीकडं चर पडले, खाली-वर पुन्हा ताग पेरला गेला. तो फुलावर आला, नांगराखाली गेला. हस्ताचा पाऊस कोसळला, तेव्हा चरांचं गढूळ, खारट पाणी ओढ्याकडं धावताना बघत साखर आणि जोतीराम दोघं एकाच इरल्याखाली उभी होती.

"पैज कोण जिकलं मग?" तिनं हळूच विचारलं.

"आपुन," तो म्हणाला. त्या एका शब्दानं साखरच्या अंगावर काटा आला.

आश्विनात शाळू पेरला. पौषात त्याच रानात आगटी पेटली, हुरड्याला सारा गाव लोटला. जे साखरला हसले होते, तेच आता चराची खोली हातानं मोजत होते. सर्जेराव छाती काढून सांगत होते, "माझ्या लेकीनं केलं!... आन त्या कळसकरानं."

जोतीराम धाटांच्या आडोशाला तिच्याजवळ आला.

"साखर... आमची पट्टी अजून खारीच हाय. चर खणीन मी. पर ताग...?"

"मजूर बघा की एखादी."

"मजूर न्हाय..." त्यानं डोक्यावरचा पटका सारखा केला. "धनीण पायजे. तू पायजे."

इतके महिने तोंडाला तोंड देणाऱ्या साखरनं हातातल्या कणसावरची राख फुंकली. मग गरम कणीस चोळून तिनं हिरवे दाणे त्याच्या ओंजळीत ओतले... आणि हात मागं घेतला नाही.

"ताग म्या पेरीन," ती म्हणाली. "तुमची सगळी पट्टी."

तिकडं आगटीपाशी जोतीरामची आई, प्रयागबाई, खास रान बघायला म्हणून आली होती. तिनं हुरड्याचा बकाणा भरला, सावकाश चावला आणि सर्जेरावांना भर गावात विचारलं,

"हुरडा लई ग्वाड हाय, तात्या. पोरगी कवा देताय?"