साईराजच्या टाळूवरचं लोणी

येळ्ळूरच्या मंगलला खोटं बोलता येत नाही. बोलली की कान लाल होतात. हे सांगताना ते पांढरेफटक होते. म्हणून खरं मानायचं.

दोन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष. सकाळचे सहा.

म्हैस नुकतीच व्याली होती. घरात मिक्सर होता, पण सासू नागुबाई हटून बसली.

"पयलं लोणी रवीनंच काढायचं. आदी भरमदेवाला, मग आपल्याला."

मंगलनं दोरी ओढली. घुर्र... घुर्र...

लोणी वर आलं आणि आत चार महिन्यांचा साईराज रडायला लागला. मंगलनं घाईत बोटभर लोणी काढलं, त्याच्या टाळूवर चोळलं.

देवाचं राहूनच गेलं.

नागुबाई कधी नव्हे ती ओरडली नाही.

"आता देवाला उष्टं दावायचं व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी दोन तास घुसळूनही लोणी आलं नाही. गरम पाणी घातलं, गार घातलं... नुसता फेस.

आत साईराज गप्प होता.

फारच गप्प.

मंगल धावली. कुंची काढली...

टाळूवर लोणी. ताजं, गार.

"आत्ती, तुमी लावलासा?"

"न्हाय गं. माझं हात बघ, शेणानं भरल्यात."

तिसऱ्या दिवशी तिनं लेकराला मांडीवर घेऊनच दोरी धरली. त्याच्यावरची नजर हलवली नाही.

घुर्र... घुर्र...

मग रवी एकदम हलकी झाली. डेरा रिकामा असल्यासारखी.

तिनं कुंचीखाली हात घातला.

ओलं.

भरमदेवाला नारळ फोडला. नाक घासून माफी मागितली. तरी मंगलच्या जिवाला चैन नव्हतं. लेकराला घेऊन ती माहेरी, उचगावला गेली. तिथं ना म्हैस, ना रवी.

पहिल्याच सकाळी धाकटी बहीण पूर्णिमा हसत म्हणाली, "आक्का, एवढं लोणी कशाला लावलीयास गं?"

मंगलला रडूच फुटलं.

साईराजला आता तिसरं वर्ष चालू आहे. हसतो, पळतो, भाकरी खातो. गावातले म्हणतात, देवाची राखण आहे. म्हणणाऱ्यांचं काय जातंय!

डॉक्टर म्हणतात, काही मुलांची टाळू उशिरा भरते.

मंगल रोज सकाळी लोणी पुसते आणि तिथं हळूच बोट ठेवून बघते.

आधी एक बोट मावायचं.

आता दोन मावतात...