तिकडी खालून वर

जरा पायानं ठेका धरा बघू. एक पाऊल टेकलं की दुसरं टेकेपर्यंत तीन टाळ्या, तिन्ही सारख्या अंतरावर. जमतंय? आता कल्पना करा, टाळ्यांऐवजी हातात गिटार आहे आणि समोर थोरले काका भुवया चढवून बसलेत. वाजवाल?

शेंडेफळाला रोज असंच वाजवावं लागे. घरात सगळ्यांत धाकटी, म्हणून एकोणिसावं सरत आलं तरी नाव तेच. काकांचा वाद्यवृंद होता आणि त्यातली गिटारवाल्याची खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती. शेंडेफळाला ती हवी होती... अगदी मनापासून हवी होती.

"शनिवारी परीक्षा," काका म्हणाले. "जमलं तर तुझी. नाहीतर बाहेरचा माणूस आणीन."

परीक्षेचं गाणं त्या तीन-तीनच्या चालीचं. अशा तीन स्वरांच्या गटाला घरात तिकडी म्हणत. काकांचा नियम असा, की प्रत्येक तिकडीचा पहिला स्वर पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, वरून खाली मारूनच काढायचा. खाली-वर-खाली, पुन्हा खाली-वर-खाली. "आपल्या घरात ठोका वरूनच पडतो!" हळू वाजवताना झकास. पण गाणं होतं भलतंच जलद. लागोपाठ दोनदा खाली मारताना मनगट अडकायचं आणि तिकडी लंगडायची.

बुधवारी दुपारी ती तालमीच्या खोलीत एकटीच दातओठ खात बसली होती. तेवढ्यात दार पायानं ढकलून एक भला मोठा ड्रम आत आला. त्याच्यामागे एक तरुण.

"लंगडतंय," तो म्हणाला.

"कोण?"

"तुमची तिकडी. मी नवा ड्रमवाला. दाराला लाथ मारली, माफ करा... हात मोकळे नव्हते."

"तोंड बरं मोकळं होतं!"

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा किंचित बारीक होई. तिनं ते पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

"हात वर न्यायचाच आहे ना? मग जाता जाता वाजवू दे की त्याला," तो म्हणाला. "खाली-वर-खाली, वर-खाली-वर. दुसरी तिकडी खालून सुरू."

"काका कच्चं खातील."

"तुम्हाला की मला?"

"तुम्हाला काय तुम्हाला! मी काय आजीबाई आहे?"

"बरं... तुला की मला?"

तिनं करून पाहिलं. खालून येणारा पहिला स्वर मिळमिळीत निघाला.

"हात कुठंही जाऊ दे, पहिला स्वर ठणकावूनच यायला हवा," तो म्हणाला आणि ड्रमच्या कडेवर बोटांनी हळूच तीन-तीन मोजू लागला. गुरुवारीही मोजले. शुक्रवारी मोजता मोजता तो तिच्या मनगटाकडे बघत राहिला आणि चक्क चुकला.

"उद्या कसं वाजवशील?" त्यानं विचारलं.

"ठरत नाही... खुर्ची हवीय मला."

"मग काकांसारखं वाजव. मी चाल जराशी हळू धरीन."

"खबरदार! मला सांभाळून घेतलंस तर बोलणार नाही तुझ्याशी."

शनिवारी ती सगळ्यांसमोर उभी राहिली. पहिली तिकडी वरून. दुसरी—खालून वर, खणखणीत! काकांनी हात उंचावला. सगळी वाद्यं थांबली. ड्रम थांबला नाही. तीही थांबली नाही. गाणं शेवटापर्यंत गेलं.

"कुणी शिकवलं हे उलटं?" काका गरजले.

"यानं दाखवलं. शिकले मी. चुकलं कुठं ते सांगा."

"चुकलं नाही हो," व्हायोलिनवाल्या आत्या पुटपुटल्या.

"नियम मोडला! आणि हा... हा कोण लागतो गं तुझा?"

"अजून कुणी नाही." ती ड्रमवाल्याकडे वळली. "लागायचंय का रे कुणी?"

त्याचे कान लाल झाले. "कधीचं... म्हणजे, बुधवारपासून."

आत्यांना हसू आवरेना. काका मात्र पाय आपटत म्हणाले, "खुर्ची मिळणार नाही!"

मग शेंडेफळानं काय केलं, ठाऊक आहे? ती सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली, समोरच्या कागदांतलं पुढच्या गाण्याचं पान उघडलं आणि म्हणाली, "चला काका, सगळे थांबलेत तुमच्यासाठी."