उसना हात

नाताळच्या आधीचे दिवस माझ्या कामाचे. विरार पश्चिमेला आमचा तळमजल्यावरचा ब्लॉक आहे. तिथे पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, स्कॅनर आणि प्रिंटर मांडून मी लोकांना त्यांच्या फोटोंची शुभेच्छा कार्डं करून द्यायची. आमचे हे गेल्यानंतर माझ्या मुलाने, जितेंद्रने, मला ते शिकवलं. तो वसई पूर्वेला कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर आहे. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं, पण माऊस हातात बसला. कुणाचे मिटलेले डोळे उघडायचे, कुणाच्या कपाळावरची चमक घालवायची. मला आवडायचं ते काम.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात नंदाखालहून अँजेलिनाबाय आल्या. लाल चौकडीचं लुगडं नेसलेल्या, हातातल्या पिशवीत दोन फोटो. एकात त्या स्वतः, त्याच लुगड्यात, ओट्यावर खुर्चीत बसलेल्या, मागे केळीची बाग. दुसरा त्यांच्या मुलाचा, ज्युलियसचा. जहाजावरच्या नोकरीच्या कागदांसाठी काढलेला, तोंड आणि कॉलर एवढाच.

पावसाळ्यापासून ज्युलियसची खबर नव्हती. कुठल्याशा बंदरात तो जहाजावरून उतरला आणि परत चढला नाही, एवढंच कंपनीने कळवलं होतं. गावातले लोक आता त्याच्या नावाने चर्चमध्ये मृतांची मिस्सा ठेवा म्हणून मागे लागले होते. हे सगळं त्यांनी पदराच्या टोकाशी चाळा करत, अगदी शांतपणे सांगितलं.

मग म्हणाल्या, "त्याला माझ्या मागे उभा कर, बाय. खांद्यावर हात ठेवलेला. कार्ड बघून तरी गप बसतील."

फोटोत अंग नव्हतं. असं पुष्कळदा होतं. मग दुसऱ्या फोटोतलं धड घेऊन त्यावर तोंड बसवायचं. माझ्याकडे भाचीच्या साखरपुड्यातला जितेंद्र होता, पांढऱ्या शर्टात, उजवा हात माझ्या खांद्यावर. त्यातून मी स्वतःला कापून काढलं आणि मानेपर्यंतचा जितेंद्र अँजेलिनाबायच्या खुर्चीमागे नेऊन ठेवला. वर ज्युलियसचं तोंड लावलं, रंग जुळवला, बोटांखाली थोडी सावली भरली.

संध्याकाळी जितेंद्र घरी आला आणि पडद्याकडे बघून हसायला लागला.

"आई, माझं धड भाड्याने दिलंस? सांगायचं तरी. केस विंचरून आलो असतो."

"केस तुझे घेतलेच नाहीत," मी म्हटलं. दोघंही हसलो.

कार्डं न्यायला अँजेलिनाबाय आल्या तेव्हा मुलाच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या हातावरूनच बोट फिरवत राहिल्या. "केवढा जड झालाय," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि गेल्या.

त्याच आठवड्यात जितेंद्र उजव्या हातात चहाचा पेला धरून बसला होता. चहा संपला, तरी पेला गरम होता की गार, हे त्याला सांगता येईना. मी त्याचा हात हातात घेतला. बोटं पांढरी, विहिरीतल्या दगडासारखी थंडगार, आणि त्यांना केळीच्या ताज्या कापलेल्या खोडाचा ओला, तुरट वास. आमच्या घरात केळीचं पानसुद्धा नव्हतं.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. ताकदीच्या गोळ्या दिल्या. पण मला घोर लागला तो मशीनचा. वरचा साचा खाली येतो तेव्हा आपला हात तिथे आहे, हे माणसाला कळायला नको का? रजा घे असं मी म्हणाले, तर तो म्हणाला रजा शिल्लक नाही. दुपारी हात जास्तच नाहीसा होतो, असंही त्याने सांगितलं.

"कुणीतरी दाबून धरल्यासारखं वाटतं..." तो म्हणाला. मग हाताकडे बघत म्हणाला, "नाही, आई. मीच कुणाला तरी धरून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नंदाखालची एसटी पकडली.

घर सापडायला त्रास झाला नाही. फोटोतलाच ओटा, तीच खुर्ची. अँजेलिनाबाय बसलेल्या होत्या, पुतळ्यासारख्या. वारा नव्हता, तरी मागच्या बागेत केळीची पानं एकमेकांना घासल्याचा आवाज येत होता. त्यांचा डावा खांदा खाली झुकला होता, डोक्यावरचा भारा एका बाजूला कलावा तसा.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "आत्ताच आलाय."

खुर्चीमागे कुणी नव्हतं. मी पायरीवरच बसले आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. धड कुणाचं घेतलं, तो कुठे काम करतो, त्याच्या हाताला काय झालंय.

"तोंड अजून दिसत नाही त्याचं..." त्या म्हणाल्या. "पाण्याखालून बघावं तसं. पण हात खरा आहे."

"तो माझ्या मुलाचा हात आहे, अँजेलिनाबाय."

त्या रागावल्या नाहीत. माझ्याकडे बघितलं, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "तूच दिलास ना, बाय... आता माझ्याकडून काढून नेशील?"

मी तशीच उठले, घरी आले आणि चपलाही न काढता कॉम्प्युटर लावला. कार्डाची फाईल उघडली. वेगवेगळे तुकडे एकावर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखे असतात, त्यातला हात तेवढा निवडून पुसून टाकला. खाली अँजेलिनाबायचा खांदा उघडा पडला. त्या लुगड्याच्या चौकडीच्या रेघा सरळ नव्हत्या. चार बोटं रुतावीत तशा चार जागी त्या आत दबल्या होत्या. मी त्यांचा मूळ फोटो उघडला, मी काहीही करण्याआधीचा. त्यातही तसंच.

डोळे मिटून मी फाईल सेव्ह केली.

संध्याकाळी जितेंद्रने पेला उचलला आणि चटकन खाली ठेवला. "चटका बसला," तो म्हणाला. मी देवापुढे जाऊन रडून घेतलं.

अँजेलिनाबाय दुसऱ्याच दिवशी आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मी छापून दिलेलं कार्ड त्यांनी टेबलावर ठेवलं. छापील कागद तो, माझ्या कॉम्प्युटरशी त्याचा संबंध उरला नव्हता. तरी त्यातली पांढरी बाही मनगटाशी संपत होती. पुढे काही नव्हतं.

"रात्रभर बाहेर उभा होता," त्या म्हणाल्या. "हात नाही तर दार कसं उघडणार... मी उघडलं, तर आत येईना. हात शोधतोय, बाय."

"मग?"

"मी त्याला इथवर सोबत केली." त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं. "रागावू नकोस. मी आईच आहे त्याची..."

त्या एकट्याच फाटकाबाहेर गेल्या. चालताना दोन्ही खांदे सरळ होते.

तेव्हापासून मी कार्डं करत नाही. दुपारी, इमारत निजलेली असते तेव्हा, आमचं दार वाजतं. कुणी हाताने वाजवत नाही... खांद्याने ढकलावं तसा दबका दणका, पुन्हा पुन्हा. दारातल्या दुर्बिणीतून पाहिलं तर समोरचा मोकळा पॅसेज दिसतो. ओल्या केळीचा वास फटीतून आत येतो. मी आतून कुलूप घालते आणि किल्ली कमरेला ठेवते.

जितेंद्रने आता रात्रपाळी मागून घेतली आहे. का, ते सांगत नाही. दुपारभर तो पुढच्या खोलीत गाढ झोपलेला असतो आणि मी त्याच्या उशाशी बसून असते. काल त्याचा उजवा हात अंथरुणावरून हळूच उठला. बाकी अंग निपचित, श्वास संथ. हात दाराच्या दिशेने लांब झाला आणि कडी काढावी तशी बोटं हवेत वळली. मी तो दोन्ही हातांनी खाली दाबला. पुन्हा उठला...

दारावर त्या दुपारचा पहिला दणका बसला, तो त्यानंतर.