एक पाऊल उशिरा

आमच्या पोतोसी गावात ऑगस्टमध्ये, ऐन हिवाळ्यात, तीन वाजताच सावल्या लांबायला लागतात. मी चौकात लोक गोळा करते, टांकसाळ दाखवते, सान लोरेन्सो चर्चची कोरीव कमान दाखवते आणि वळणावळणाच्या गल्ल्यांतून फिरवून साडेपाचला परत आणून सोडते. चांदीचा डोंगर लांबूनच दाखवते. खाणीत उतरायचं असेल तर दुसरे वाटाडे आहेत. अकरा वर्षांत मी त्या बाजूला चढलेले नाही.

त्या दिवशी दोघीच आल्या होत्या. सुक्रे शहरातल्या आदेलाबाई, आमच्याकडे म्हणतात तसं दोन्या आदेला, सत्तरी ओलांडलेल्या, जन्मापासून आंधळ्या. आणि मार्लेने नावाची त्यांची भाची. आंधळ्या बाईला शहर काय दाखवायचं, हा प्रश्न मला पडला होता. दहा मिनिटांत त्यांनीच तो सोडवला. हातमोजा काढून त्या भिंती चाचपत चालायच्या आणि दगड कुठे संपतो, माती कुठे लागते, ते मलाच सांगायच्या.

"मावशी, भिंती खरवडून सोनं निघणार आहे का?" मार्लेने म्हणाली.

"चांदी म्हण. या गावात येऊन तेवढंही कळू नये?"

टांकसाळीच्या कोपऱ्यावर त्या थबकल्या. रस्त्याखाली तळघर आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही, मी म्हटलं. नळ टाकायला हाच रस्ता खणला होता तेव्हा मी बघितलं होतं. हात-दोन हात माती आणि खाली अखंड कातळ. त्यांनी मान डोलावली. पण सान लोरेन्सोच्या कमानीखाली पुन्हा थांबल्या, मान कलती करून. मी देवदूतांबद्दल, सूर्य-चंद्राबद्दल सांगत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

बाजारापाशी आम्ही जांभळ्या मक्याची गरम आपी प्यायलो. मार्लेने शाली बघायला पलीकडच्या दुकानात गेली. दोन्या आदेलांनी पेला दोन्ही हातांत धरला होता.

"बेनिग्नाबाई, रागावू नका," त्या म्हणाल्या. "आपण निघाल्यापासून खालून एक जण चालतोय. तुम्ही थांबलात की थांबतो. एक पाऊल उशिरा."

मी हसले. म्हातारपणी कानात असे आवाज येतात, माझ्या आईलाही यायचे, असं सांगितलं.

"असेल. पण माझ्या कानातले आवाज डावा पाय ओढत नाहीत."

माझा नवरा सेवेरो डावा पाय ओढायचा. लग्नाआधीच खाणीतल्या एका गाड्याखाली त्याचा घोटा चिरडला होता. हे सुक्रेच्या बाईला कोण सांगणार?

अकरा वर्षांपूर्वी तो काम करायचा त्या खाणीतला बोगदा कोसळला. सहा जणांना बाहेर काढलं. सेवेरो सापडला नाही. चौथ्या आठवड्यात बोगद्याचं तोंड बुजवायचं ठरलं. आतून ठोकल्याचा आवाज येतो, असं एक जण म्हणत होता. बाकीचे म्हणाले, दगड बसतोय. घरच्या माणसाची संमती हवी होती. सही मी केली. मी थकले होते. ते सगळं संपावं, एवढंच मला वाटत होतं.

यातलं काहीच मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना बाकावर बसवलं आणि म्हटलं, मी जरा जाऊन येते. आवाज न करता आधी डावीकडे गेले, मग गल्लीच्या तोंडाशी, तिथून तिरपी कारंज्यापर्यंत. वळून बघितलं. दोन्या आदेलांचा हात पुढे होता, तर्जनी जमिनीकडे. मी दोन पावलं उजवीकडे सरले. थोड्या वेळानं बोटही तेवढंच सरकलं.

मी परत त्यांच्याजवळ आले.

"दमलाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण घाईत नाही."

"कुठे जायचंय त्याला?"

"ते तुम्हालाच ठाऊक." त्यांनी हातमोजा चढवला. "आज घरी जाऊ नका, बाई."

मार्लेने शाल घेऊन आली. राहिलेली फेरी आम्ही केली नाही. मी सरळ वरच्या वस्तीत माझ्या बहिणीकडे गेले. पाऊलिनानं माझ्यासाठी एक घोंगडी काढली. झोपताना मी जमिनीला कान लावला. काहीही नव्हतं.

सकाळी उठले तर गावावर बर्फ पडलं होतं. पाऊलिनाच्या अंगणात पांढरं, सपाट, कुठे ओरखडासुद्धा नाही. मला हलकं वाटलं. वेडी म्हातारी, मी स्वतःशीच म्हटलं आणि घरी निघाले.

माझ्या गल्लीतही बर्फ तसंच होतं. फक्त माझा उंबरा कोरडा होता.

कुलूप जसंच्या तसं. आत सगळं जिथल्या तिथे. ओले बूट काढून मी अनवाणी खोलीत गेले. विटांची फरशी पायाला झोंबत होती.

पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला, जिथे अकरा वर्षं कुणी झोपलं नाही, तिथे फरशी उबदार होती.

मी गुडघे टेकले. हात ठेवला.

खाली कुणीतरी कूस बदलली.