दोन काचांच्या मधात

यातला एक शबुद जरी खरा मानला नं पोट्ट्याहो, तं तुमी पक्के भित्रे. मानूच नोका. माही अर्धी उमर लोकायले उल्लू बनवण्यातच गेली. पण हे गोष्ट माह्या मावसभावाची होय, राजूरच्या पंजाबरावची.

सन चोवीस, मे महिना. पंजाबराव सकाळीच छोटा हत्ती टेम्पो घेऊन यवतमाळले गेलता, खिडक्या आणाले. डबल काचेच्या. दुकानवाल्यानं सांगतलं होतं का खाणीतल्या कोयशाची धूळ येत नाही, ऊन येत नाही, एसी लावला तं थंडाई भायेर जात नाही. लावायच्या होत्या मागच्या खोलीत.

खोली त्याच्या वहिनीची, नलूबाईची. भाऊ मेल्यावर ती तथीच राहे. दम्याची बिमार, म्हणून दिवसरात खिडकी उघडी ठेवे. पंजाबराव कुरकुर करे, घर तापते, धूळ येते. एक दिवस त्यानं आडवी फळी ठोकून खिडकी बंदच करून टाकली. नलूबाईची बाज खिडकीलेच लागून, दारापर्यंत जायची ताकत नाही. रातभर ती फळी ठोकत राह्यली, भाऊजी, खिडकी उघडा. यानं आयकलं... आन् कूस बदलली.

सकाळी ठोकणं बंद झालं होतं.

आपल्याकडं दहावा होयेपर्यंत घर असं बंद करत नाही. जीव आतच घुटमळते. त्याच्या बायकोनं, विमलताईनं, लय समजावलं, चार दिवस थांबा, बाई अजून घरातच हाय. तो आयकते काय? विमलताई तणतणत माहेरी निंघून गेली, आन् यानं सहाव्या दिवशीच जुनी खिडकी उखडून उकिरड्यावर फेकली.

वणीचा कपिल मिस्त्री आलता बसवाले. दारालेबी त्यानं रबराची पट्टी मारली. काचेवर टिचकी मारून म्हणे, "काका, या दोन काचांच्या मधात गॅस भरून कारखान्यातच शील केलं हाय. मुंगी शिरत नाही. शिरली तं निंघत नाही."

पंजाबराव खुशीत हासला. त्या रातच्याले तथीच निजला, एसी लावून, चादर पांघरून.

मंगळवार, अठ्ठावीस तारीख. रातचे दोन वाजून दहा मिनिटं झालते. लाइन गेली.

एसी बंद. घामानं त्याचे डोये उघडले. खिडकी उघडाले गेला, मूठ फिरेना. दाराकडं गेला, कडी जागची हलेना. मोबाइलची बॅटरी लावली. काचेवर वाफ होती. हातानं पुसली. पुसल्या जाईना. वाफ इकडून नव्हती. तिकडूनबी नव्हती.

मधात होती.

आली... गेली. आली... गेली. कोणी दम घेतल्यावानी.

तिकडं दम लांब होत जाये. इकडं याचा तोकडा. त्यानं छाती धरली. गुडघ्यावर बसला. काचेवर हात आपटले.

"वहिनी... खिडकी... उघडा नं..."



वाफ आली.

"थांबा नं, भाऊजी. मले घेऊ द्या पयले."

वाफ गेली...

सकाळी कपिल आपली राह्यलेली ड्रिल मशीन न्याले आला. आवाज देऊन दमला, मंग शेजारच्यायले बोलावून दार तोडलं. पंजाबराव जिता होता. जिता म्हंजे काय, आजबी चार पावलं चालला का छातीत शिटी वाजते. अंगणात निजते, भर थंडीतबी. छताखाली त्याले दमच घेता येत नाही.

कपिलनं ते खिडकी त्याच दिवशी काढली. शील जसंच्या तसं. काच उन्हात धरून पाह्यली. दोन काचांच्या मधात, खालच्या कोपऱ्यात, एक नख पडेल होतं. माणसाचं, मुळापासून उखडेल. त्यानं अगुदर पंजाबरावचे हात उलटेसुलटे करून पाह्यले. दाही नखं जाग्यावर. आन् नलूबाईले तं जाळून सहा दिवस झालते.

झालं... माह्या या बिननखाच्या बोटाकडं काय टकमक पाहून राह्यले? जा आता आपापल्या घरी. जा म्हटलं नं.