धक्क्यावरचा पहारा

टिंग. काचेच्या पेल्यावर चमचा हलकेच आपटावा, तसा आवाज.

दुपारचे सव्वादोन. भांडी घासून झालेली, नळ बंद, वीज गेल्यामुळे पंखाही बंद. आतल्या खोलीत लेक पलंगावर आडवी झालेली. एवढी शांतता आमच्या घरात दिवसातून एकदाच मिळते आणि मी तिच्यावर टपून बसलेली असते. मी ओट्यापाशी गेले. पेले सगळे पालथे. चमचे खणात.

आमच्या स्वयंपाकघरातले आवाज मला पाठ आहेत. फ्रिज थांबताना कण्हतो, खिडकीची कडी वाऱ्याने कुरकुरते. हा त्यांतला नव्हता. तरी ओळखीचा होता, आणि कुठला ते आठवताच फडका हातात तसाच राहिला. ‘दीपबेटा’वर कुणाचा दिवा मंदावला की अशी घंटी वाजायची.

दीपबेट बंद पडून तेव्हा चार दिवस झाले होते. ज्या टॅबवर मी ते खेळायचे तो कपाटात, चादरींच्या खाली होता. बॅटरी संपलेला.

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आकडा विचित्र आला की घाबरायचं नाही, नमुना पुन्हा लावायचा, हे अंगात मुरलंय. म्हणून सगळं क्रमाने सांगते.

हा खेळ मला धाकट्या भावाने शिकवला. लेक झाली तेव्हा मी तासन्‌तास तिला पाजत बसायचे, एक हात मोकळा. “ताई, एका हाताने खेळता येतं, आणि यात कुणी मरत नाही,” तो म्हणाला. खरंच, बेटावर लढाई नव्हती. हजारो माणसं आपापल्या घरून तिथे यायची. प्रत्येकाचं एक खोपटं, खोपट्यात एक दिवा, त्यात रोज तेल घालायचं. कडक नियम एकच. जाताना आपला पहारा कुणाला तरी सोपवायचा. समोरच्याने हिरवं बटण दाबून तो घेतला की तुमचा माणूस आडवा होऊन झोपी जायचा. न सोपवता गेलात तर तो उभाच. डोळे उघडे, तोंड समुद्राकडे.

भाऊ एका मंगळवारी न सोपवता गेला. धक्क्यावर माझ्याशी बोलता बोलता ‘दोन मिनिटांत आलो ताई’ असं लिहून तो खरोखरीच्या घरातून खाली उतरला, कोपऱ्यावरच्या दुकानात. रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं.

त्याचा माणूस धक्क्यावर उभाच राहिला. दोन वर्षं. लॅबमधून आले की मी आधी त्याच्या दिव्यात तेल घालायचे, मग जरा वेळ त्याच्या शेजारी थांबायचे. त्याचा पहारा मला घेता येत नव्हता. तो त्याच्याच बाजूने यायला हवा होता. “अगं, तो तिथे नाहीये,” नवरा म्हणायचा. ते मला माहीत होतं. पण त्याला उभं ठेवून आपण कसं झोपायचं, ते माहीत नव्हतं.

मग खेळ बनवणाऱ्यांनीच बेटाकडे पाठ फिरवली. उत्तरेला पूल होणार होता. त्याचे चार खांब उभे राहिले, ‘लवकरच’ असा फलक लागला, आणि फलकाला दीड वर्ष झालं. गलबतं यायची थांबली. एके दिवशी लाटाही थांबल्या, पाणी काचेसारखं गोठून गेलं. आम्ही तक्रारी लिहायचो आणि तिकडून प्रत्येकाला तेच एक छापील उत्तर यायचं. माझी बेटावरची शेजारीण होती ‘खारीआजी’, टपाल खात्यातून निवृत्त झालेली. ती म्हणायची, “होईल गं पूल. माझी ही कवळी तुटेल, नवी येईल, तीही तुटेल, मग होईल.”

शेवटी तीन ओळींची सूचना आली. येत्या रविवारी दुपारी बारा वाजता सेवा बंद. आजवरच्या सोबतीबद्दल आभार. मी तीनदा लिहिलं, माझ्या भावाला तेवढं झोपवता का? तीनदा आभार आले.

रविवारी सगळे वाळूवर जमले. शिव्या देऊन झाल्या, रडून झालं. “चला, पडा आता,” खारीआजीने लिहिलं, “उद्या काही लवकर उठायचं नाहीये.” एकमेकांना पहारे सोपवत माणसं ओळीने आडवी होत गेली. शेवटचा कुणीतरी उभा उरणारच होता, पण तो हिशोब कुणी केला नाही.

मी लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. ती चार वर्षांची. मामाला टाटा करता यावा म्हणून मी तिच्यासाठी बेटावर एक छोटी ‘चिमणी’ बनवली होती. त्या दिवशी तीच उघडली होती. चिमणी धक्क्यावर, मामाशेजारी.

बाराला दोन मिनिटं असताना पडद्यावर चौकट आली. भावाचं टोपणनाव. खाली लिहिलेलं, ‘आपला पहारा सोपवत आहे. घ्याल?’

दोन-दोनदा नमुना तपासणारी मी, तेव्हा एकदाही थांबले नाही. लेकीचं बोट धरलं. “मामाला झोपव बाळा,” म्हटलं, आणि ते हिरव्या बटणावर टेकवलं.

भाऊ वळला. दोन वर्षांनी त्याचा चेहरा दिसला. मग तो आडवा झाला, आणि त्याच्या जागी चिमणी जाऊन उभी राहिली, तोंड समुद्राकडे करून. पाणी हललंसं वाटलं. पडदा पांढरा झाला.

त्या दुपारी मी गाढ झोपले. लेक झोपली का, ते पाहिलंच नाही.

ते पाहिलं चौथ्या दिवशी, ती घंटी ऐकल्यावर. आतल्या खोलीत गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पलंगावरून वाकून पाहिलं. डोळे टक्क उघडे.

“झोप नाही आली?”

“मला नाही झोपायचं.”

असं सगळीच मुलं म्हणतात. पण मग शाळेतल्या बाईंनी मला फाटकापाशी थांबवलं. “डबा संपवते, गाणी म्हणते, सगळं छान आहे हो. फक्त झोपायच्या तासाला खिडकीशी जाऊन उभी राहते. हाक मारली तरी वळत नाही.” डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, वजन केलं. “उलट वाढलंय. झोपत असणार हो, तुमचाच डोळा लागत असेल.” आम्ही दोघांनी आलटूनपालटून जागून पाहिलं. ती एकदाही झोपली नाही. थकलीही नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या मते जगातल्या प्रत्येक आवाजामागे एक सैल स्क्रू असतो. त्याने टॅब चार्ज करून खेळ पुसून टाकला, वरून टॅब ऑफिसात नेऊन ठेवला. “झालं समाधान? आता बघ कशी पडते घोरत.”

टिंग.

“वाजलं?” मी विचारलं.

“काय वाजलं?”

लेक मात्र चित्रांचं पुस्तक बाजूला ठेवून उठली होती. “आई, तेल दे ना थोडं.”

 त्यानंतर नवरा स्क्रूबद्दल पुन्हा काही बोलला नाही.

मी खारीआजीला फोन लावला. फोनवरचा तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. भावाने चिमणीला कसा पहारा सोपवला, ते मी सांगितलं. 

“तुला सूचना नव्हती का गं आली?” ती म्हणाली. “वर्षभर न आलेल्यांची माणसं त्यांनी महिनाभर आधीच पुसली. आमच्या ह्यांचाही माणूस पुसला. तू रोज त्या रिकाम्या धक्क्यावर जाऊन उभी राहायचीस. मला वाटायचं, जाऊ दे, राहू दे तिला.”

तिने शेवटच्या मिनिटाचा फोटो पाठवला. वाळूवर ओळीने झोपलेली माणसं. लांब धक्क्यावर चिमणी, पाठमोरी, एवढीशी. तिच्याजवळ कुणी नव्हतं. उभं नाही, आडवंही नाही.

आज लेक बाल्कनीच्या काचेशी उभी आहे. पाय जुळवलेले, हात बाजूला. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि पाण्याची टाकी.

“काय बघतेस, सोन्या?”

“पाणी.”

मी खाली बसून तिच्या कपाळाची पापी घेतली. ओठांना मीठ लागलं. समुद्र इथून दोन दिवसांच्या प्रवासावर आहे.

“बाळा, तो पहारा मला दे. मी घेते.”

“तुझं बटण कुठाय?”

मी तळहात पुढे केला. तिने मधोमध बोट टेकवलं. जोरात दाबलं. आम्ही दोघी थांबलो.

काही झालं नाही.

“बघ ना,” ती म्हणाली, “नाही होत.” तिने बोट काढून घेतलं आणि पुन्हा काचेकडे वळली. मी तिला मागून मिठी मारली. तिचं अंग गार होतं, वाऱ्यात उभं राहिल्यासारखं.

टिंग.

या वेळी ती हलली नाही. जरा वेळाने, अगदी हळू आवाजात, पलीकडे झोपलेल्या कुणाला जाग येऊ नये अशा बेताने तिने विचारलं,

“आई, मी झोपले तर मामाला परत उठावं लागेल का?”